शेळीने तोंड लावलेलं पाणी

पुंडलिकनगरच्या माझ्या घरी केलेली कॉफी आणि शहागंजच्या मागे माझ्या दुकानात केलेली कॉफी, दोन्हींच्या बिया एकाच पोत्यातल्या असत. घरची जिभेवर खडूसारखी बसायची. दुकानातली प्यायला लोक लेणी बघून परत जाताना वाट वाकडी करून यायचे. फरक पाण्याचा होता. घरी बोअरचं पाणी, लिटरमागे चौदाशे मिलिग्रॅम क्षार. दुकानात हौदाचं, एकशे ऐंशी.

हौद दुकानामागच्या गल्लीत होता. जमिनीखालून येणाऱ्या जुन्या नहरीची एक फांदी अजून त्यात उघडत होती. नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं आणि ते गल्लीच्या चढावर पोहोचायचंच नाही. त्यामुळे चौदा घरं त्या हौदावर होती आणि पंधरावी मी.

मी स्वतः कधी तिथं पाणी भरलं नाही. म्हाळसाबाई आणून द्यायच्या. सत्तरी ओलांडलेली, एकटी राहणारी बाई. नवऱ्याबरोबर मेंढरं घेऊन फुलंब्रीकडून या भागात आल्या होत्या. मेंढरं गेली, नवरा गेला, एक शेळी उरली. रोज सकाळी सात वाजता त्या दोन कळशा माझ्या दारात ठेवायच्या आणि तीन चमचे साखर घातलेली दुधाची कॉफी घेऊन पायरीवर बसायच्या.

"लोकं लई लांबून येतात गं, हे करपलेलं पाणी प्यायला," त्या म्हणायच्या. "च्या मिळंना का काय त्यांच्याकडं?"

कळशी भरली की पहिली ओंजळ शेळीपुढे धरायची, हा त्यांचा नेम होता. "आमच्यात आधी जनावर पितं. त्यानं तोंड लावलं तरच मानसानं प्यायचं."

सुदर्शन माझं नेहमीचं गिऱ्हाईक. वॉर्ड ऑफिसात कनिष्ठ अभियंता, तिशीचा, सरळ मुलगा. त्यानेच सुचवलं, "ताई, या पाण्याचा पूर्ण रिपोर्ट काढून भिंतीवर लावा. पुण्याच्या लोकांना चवीपेक्षा आकडे आवडतात."

वाळूजच्या एका औषध कारखान्यात मी अकरा वर्षं प्रयोगशाळेत काढली होती. आकडे मलाही आवडतात. मी नमुना पाठवला.

क्षार एकशे ऐंशी, काठिण्य नव्वद, दोन्ही माझ्या मोजणीइतकेच. नायट्रेट मर्यादेच्या वर. शेवटच्या ओळीत ई. कोलाय, आणि त्यापुढे 'आढळले'. बाटली नीट निर्जंतुक झाली नसेल म्हणून मी दुसरा नमुना स्वतः घेतला. तेच उत्तर आलं.

माझ्या दुकानाला त्या जंतूंनी काही फरक पडत नव्हता. मी पाणी उकळतेच. गल्ली मात्र ते तसंच पीत होती, आणि दर पावसाळ्यात तिथली दोन-तीन मुलं सलाइनवर जात होती. मी रिपोर्ट ड्रॉवरमध्ये ठेवू शकले असते. त्याऐवजी मी अर्ज लिहिला. सांडपाणी कुठून मिसळतंय ते शोधावं, हौदात क्लोरिनची सोय करावी. रिपोर्ट जोडला, खाली सही केली आणि वॉर्ड ऑफिसात घेऊन गेले. "द्या ताई, मी वर नेतो," सुदर्शन म्हणाला, आणि त्याने खरंच नेला.

एकोणिसाव्या दिवशी तो लोखंडी झाकण आणि वेल्डर घेऊन गल्लीत आला. माझ्याकडे बघत नव्हता.

"परिपत्रक आहे ताई. दूषित आढळला की स्रोत बंद करायचा. शुद्ध करायचा, असं त्यात कुठंच नाही. मी दोनदा विचारलं वर. दर चौथ्या दिवशी टँकर येईल म्हणाले."

बायका जमल्या होत्या. शेजारच्या सुकेशनीने विचारलं, "पण तक्रार केली कुणी?"

सुदर्शन वेल्डरकडे वळला. बरोबरच्या माणसाने कागद बघून माझं पूर्ण नाव वाचलं.

म्हाळसाबाई माझ्याकडे वळल्या. "मंजू, तू लिहिलं व्हय?"

"पाण्यात जंतू आहेत, मावशी. मुलं त्यानेच आजारी पडतात."

"आसतील. तू शिकलेली, तुला दिसत्यात." त्या शांतच होत्या. "पन लिहायच्या आधी आमाला सांगायचं. उकळून पेलो असतो की."

वेल्डिंगच्या ठिणग्या उडायला लागल्या तसे आम्ही सगळ्यांनी नजर फिरवली. 'पाणी उकळून प्या.' तीन शब्द. माझ्या दुकानाच्या मागच्या दारापासून हौद चाळीस पावलांवर आहे. तिथं ते सांगायच्या आधी मी दीड किलोमीटरवरच्या ऑफिसात जाऊन पोच घेतली होती.

त्यानंतर मी त्या ऑफिसात चार वेळा गेले. झाकण काढायला पाणी शुद्ध असल्याचा रिपोर्ट हवा होता. रिपोर्टला नमुना हवा होता. नमुन्यासाठी झाकण काढायला हवं होतं. समोरचे गृहस्थ माझ्याशी नीट बोलले, मला बसायला खुर्ची दिली, आणि प्रत्येक वेळी हेच सांगितलं. चौथ्या खेपेला मी त्यांना मधेच थांबवून पुढची वाक्यं स्वतः म्हणून दाखवली. "बरोबर आहे मॅडम," ते म्हणाले.

टँकरचं पाणी कुठल्यातरी बोअरचं होतं. शेळीने हुंगलं आणि तोंड फिरवलं. म्हाळसाबाई मोठ्या रस्त्यापलीकडच्या नळावर जायला लागल्या. गुडघ्यांमुळे एका खेपेला एकच कळशी. माझ्या पायरीवर येणं बंद झालं.

मला पाणी हवंच होतं. मी फिल्टरच्या पाण्याचा वीस लिटरचा जार मागवला. त्यात साडेचार ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आणि पावणेदोन ग्रॅम खायचा सोडा घातला. क्षारांच्या मीटरवर एकशे चौऱ्याऐंशी. कॉफी पहिल्यासारखी झाली. कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

"ताई, फरकच नाही," सुदर्शन म्हणाला. त्याला वाटलं मला बरं वाटेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक कळशी त्या पाण्याने भरली आणि म्हाळसाबाईंच्या दारात घेऊन गेले. कळशी कमरेवर इतकी जड लागते हे मला त्या दिवशी कळलं.

"मावशी, एवढं घ्या. रोज देईन."

त्यांनी बस म्हटलं नाही, नको असंही म्हटलं नाही. सवयीने ओंजळ भरली आणि शेळीपुढे धरली. शेळीने हुंगलं. मग सगळं पाणी प्यायली आणि त्यांचे तळवे चाटायला लागली. त्यांनी स्वतः एक घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला.

"उघडला म्हन की हौद."

"नाही मावशी. हे मी बनवलंय."

"पानी कुनी बनवतं व्हय?" त्या हसल्या. कितीतरी दिवसांनी हसल्या. "मला फशिवशील. शेरडाला फशिवता येत नाय."

मी मॅग्नेशियम म्हणाले. सोडा म्हणाले. त्या तोवर भिंतीजवळच्या दोन रिकाम्या कळशा उचलून बाहेर पडल्या होत्या. "सुकेशने, अगं भांडी काढ. पानी आलंय नहरीचं. या मंजूनं आनलं माघारी."

दारं उघडली. हंडे, बादल्या, एक रंगाचा रिकामा डबा. सुकेशनी माझ्याजवळून जाताना थांबली, माझ्या दंडाला हात लावला आणि बाकीच्यांमागे हौदाकडे गेली. "थांबा," मी म्हणाले. मला मोठ्याने बोलायची सवय नाही. दुकानात जारमध्ये आठ लिटर उरलं होतं. घरं चौदा.

हौद वळणाच्या पलीकडे आहे, म्हाळसाबाईंच्या दारातून तो दिसत नाही. आधी बायकांचं बोलणं ऐकू येत होतं. मग ते थांबलं. मग लोखंडी झाकणावर कळशी टेकवल्याचा आवाज आला, थोड्या वेळाने दुसरी.

मी दारातच उभी होते. शेळी माझ्या कळशीत तोंड घालून पीत होती.