क्रोमचा दांडा

आयव्हा गुडघे टेकून रोडस्टरच्या, म्हणजे बिनछपराच्या शर्यतीच्या गाडीच्या, पुढच्या चाकामागचा दांडा पुसत होती. तळं कधीचं आटलेलं. नजर पोचेल तिथवर नुसती भेगाळलेली, फिकट पिवळी माती, आणि तिची धूळ पुसून हात उचलायच्या आत परत दांड्यावर बसत होती. पुढे गाड्यांची रांग होती. एकेक गाडी सुटली की कानठळ्या बसायच्या, मग धुळीचा लोट, मग काहीच नाही.

तिच्या नवऱ्यानं, डेलमरनं, ही गाडी घरामागच्या शेडमध्ये स्वतःच्या हातानं बांधली होती. सांगाडा भंगारातल्या जुन्या फोर्डचा, इंजिन एका उलटलेल्या ट्रकचं, बसल्यावर बांधायचा पट्टा महायुद्धानंतर मोडीत काढलेल्या विमानाचा. त्यात आयव्हाचं असं एकच होतं, स्टिअरिंगपासून चाकापर्यंत जाणारा हा दांडा. त्याच्या वाढदिवसाआधी तिनं तो गुपचूप उचलून नेला आणि त्यावर क्रोमचा चकचकीत मुलामा चढवून आणला. नेहमीच्या दुकानात ती मुद्दामच गेली नाही. तिथल्या मालकाच्या तोंडात तीळ भिजत नाही, संध्याकाळच्या आत डेलमरला सगळं कळलं असतं. म्हणून संत्र्यांच्या बागांपलीकडचं एक नवं दुकान गाठलं. डेलमर इतका खूश झाला, की केक अर्धा टाकून पाना घेऊन शेडमध्ये पळाला.

"पोरी, किती घासशील? चेहरा बघायचाय का त्यात?"

हॉलिस होता. लढाईच्या आधीपासून या तळ्यावर गाड्या पळवणारा माणूस. आता स्वतः पळवत नसे, पण प्रत्येक शर्यतीला येऊन रांगेतल्या गाड्यांना हात लावत फिरायचा. त्यानं वाकून दांडा न्याहाळला.

"सुरेख झालाय. भाजून घेतलात ना?"

"भाजून?"

"क्रोम चढवला की पोलाद ठिसूळ होतं. त्याच दिवशी भट्टीत घालून चांगलं भाजावं लागतं. जाणती दुकानं न सांगता करतात. पण झालंय की नाही, वरून कळत नाही."

"नसेल भाजला तर?"

"महिनोन्‌महिने टिकेल. नाहीतर भर वेगात बिस्किटासारखा मोडेल. मागच्या वर्षी एका पोराचा मोडला." हॉलिसनं टोपी काढून कपाळ पुसलं. "त्याच्या आईला सांगायला मीच गेलो होतो."

तो पुढच्या गाडीकडे गेला. आयव्हा तिथंच बसून राहिली. तिला ते दुकान लख्ख आठवत होतं. ती बाकावर बसून वाट पाहत होती. त्या माणसानं दांडा टाकीतून काढला, धुतला, पुसला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि तसाच तिच्या हातात दिला. भट्टी त्या दुकानात नव्हतीच.  

डेलमर हेल्मेट काखेत मारून आला. सोबत गाडीवाल्यांच्या क्लबातला क्लेटन होता, ज्याला दुसऱ्याला डिवचल्याशिवाय अन्न पचत नसे.

"आयव्हा, आज यानं ताशी सव्वाशे मैलांचा वेग गाठला नाही, तर पुढच्या वेळी तूच चालव," क्लेटन म्हणाला. "हा घरी बसून भांडी घासेल."

आयव्हानं डेलमरला बाहीला धरून बाजूला घेतलं आणि हॉलिस काय म्हणाला ते सांगितलं.

"एवढंच ना?" तो हसला. "आपला दुकानवाला भाजूनच देतो."

"मी तिथं गेलेच नव्हते."

डेलमरचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, डोळे मात्र दांड्याकडे गेले. 

"काय खलबतं चाललीत?" क्लेटन ओरडला. "नंबर आला तुझा. का पाय लटपटतायत?"

मागच्या गाड्यांतली पोरं हसली. डेलमरनंही हसून हात हलवला.

"तपासनीसानं पास केलीय गाडी," तो आयव्हाकडे न बघता म्हणाला.

"त्यानं नुसतं चाक हलवून पाहिलं."

"आयव्हा, सगळे बघतायत. ढकलायच्या ट्रकमध्ये बस."

या रांगेतून आपल्या पायानं मागे फिरलेला माणूस अजून कोणी पाहिला नव्हता. फिरला असता तर जन्मभर त्याला पळपुटा म्हणूनच हाक मारली असती. आयव्हाला हे ठाऊक होतं. ती ट्रकमध्ये जाऊन बसली.

रोडस्टरला स्वतःहून चालू व्हायची सोय नव्हती. मागून ट्रकनं ढकलत न्यायची, इंजिन पेटलं की ती सुटायची. ढकलायचं काम घरच्याच माणसाचं. ट्रकचा बंपर रोडस्टरला टेकला होता. समोर डेलमरची मान दिसत होती, उन्हानं भाजलेली, हेल्मेटच्या पट्ट्याखाली केस चिकटलेले. निशाणवाल्यानं खूण केली. डेलमरनं हात वर केला.

आयव्हानं पाय क्लचवरून उचलला नाही. ढकललं तर याला आपल्याच हातांनी मरणात लोटून दिल्यासारखं होईल. तिनं गियर टाकला, ट्रक थोडा मागे घेतला, चाक पूर्ण वळवलं, रोडस्टरला वळसा घालून पुढे गेली आणि गाडीच्या नाकासमोर ट्रक आडवा लावला. मग इंजिन बंद केलं आणि किल्ली मुठीत घट्ट धरली.

क्षणभर कोणालाच काही उमगलं नाही. मग मागून हॉर्नचा कल्लोळ उठला. निशाणवाला हातवारे करत धावला.

"बायको आवरत नाही आणि निघालाय गाडी पळवायला," क्लेटन हसून हसून गाडीवर रेलला.

डेलमर पट्टा सोडून उतरला आणि ताडताड चालत ट्रकच्या खिडकीशी आला. चेहरा लालबुंद झाला होता.

"डोकं फिरलंय का तुझं?" तो ओरडला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "दोन वर्षं घातली मी या गाडीत. बाजूला घे ट्रक. घे म्हणतो ना."

आयव्हाच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या लोकांसमोर तो तिच्यावर कधी ओरडला नव्हता. तिनं मान हलवली, नाही म्हणून.

त्यानं दोन्ही हात खिडकीच्या कडेवर टेकले आणि डोकं आत घातलं, इतकं की बाहेरून कोणाला तोंड दिसू नये.  ओठांवर धूळ होती आणि ते पांढरे पडले होते.

"हलू नकोस," तो पुटपुटला. "मी कितीही ओरडलो तरी हलू नकोस."

मग तो ताठ उभा राहिला आणि आणखी मोठ्यानं ओरडू लागला.