टेबलाखालून दिसणारे आजोबा

बालगृहाच्या जेवणघरात दर शनिवारी ताटं आवरली की चित्रताई यायची. ती चित्रकला शिकवायला येत नसे. मुलांना जे बोलता येत नाही, ते रंगांतून बाहेर पडावं, हे तिचं काम. पण नवी आलेली सात वर्षांची एक मुलगी पहिल्याच दिवशी टेबलाखाली शिरली, ती बाहेर यायलाच तयार नव्हती. मुलांनी तिचं नाव माऊ ठेवलं.

"ओढून काढू का?" मुलांना सांभाळणाऱ्या मावशी म्हणाल्या. "आज खाली बसली, उद्या डोक्यावर बसेल."

"राहू दे हो. तिथं एवढं काय आहे, ते मलाही बघायचंय."

ताई वाकून आत शिरली. तिने टेबलाच्या खालच्या बाजूला चिकटपट्टीने मोठा कागद लावला, खडू ठेवले आणि बाहेर आली.

पुढच्या शनिवारी तो कागद पायांनी भरलेला होता. मावशींच्या झिजलेल्या चपला होत्या, ताईच्या सँडलचा पिनेने अडकवलेला पट्टा होता. बडबड्या ढब्बूने आपले दोन वेगवेगळे मोजे लगेच ओळखले. एक जोड मात्र कुणाचाच नव्हता. मोठे काळे बूट, एकाची नाडी पांढरी, आणि खाली लोखंडी जाळी.

"पोलीस असेल," ढब्बू म्हणाला.

"पांढऱ्या नाडीचा पोलीस?" मावशी हसल्या.

ताईच्या ओठांवर प्रश्न आला होता. पण थेट विचारलं की मूल मिटतं, हे तिला ठाऊक होतं. ती एवढंच म्हणाली, "हे पाय कामात दिसतायत."

"मशीनवर आहेत," टेबलाखालून आवाज आला. माऊचा आवाज सगळे पहिल्यांदाच ऐकत होते. "आजोबा कपडे शिवतात. मी खाली बसून चिंध्या गोळा करते." मग जरा थांबून, "शिवायचे. करायचे."

"आणि गुडघ्यांच्या वरचे आजोबा?" ताईने विचारलं.

चोरी पकडली गेल्यासारखं ती हळूच म्हणाली, "वरचं आठवत नाही."

ताईने कागदाची लांब गुंडाळी जमिनीवर पसरली आणि तिचं एक टोक टेबलाखाली सरकवलं. "पायांपासून सुरू कर. जाऊ जमेल तिथवर."

बुटांवर पँट आली, गुडघे आले. कागद टेबलाबाहेर गेला, तशी माऊही थोडी थोडी सरकत बाहेर आली. गळ्यात मोजपट्टी काढली आणि तिचा हात थांबला.

"माझ्या आजोबांचं नाक घे," ढब्बू म्हणाला. "चांगलं मोठं आहे." त्याने कागदाच्या तुकड्यावर काढूनही दिलं.

माऊने ते निरखलं. "असं नव्हतं. टोकाशी वाकडं होतं." आणि तिने ते काढलं.

ताईने कान टवकारले. दुसऱ्या एका मुलीने गोल कान देऊ केले. "छे, लांब होते. त्यात पेन्सिल अडकवायचे." कुणी टक्कल दिलं, तर मागे थोडे केस निघाले. चुकीचं पुढे आलं की बरोबरचं सापडत होतं. मावशींनाही राहवेना. हातातलं फडकं टाकून त्या म्हणाल्या, "मिशी काढ गं. मिशीशिवाय कसले आजोबा?"

"नव्हती," माऊ म्हणाली आणि किंचित हसली.

शेवटी तोंड राहिलं. तिने एक आडवी रेघ मारली आणि तिच्यावर बारीक उभ्या रेघा.

"हे काय, तोंडच शिवलंस की!"

"टाचण्या आहेत, मावशी. तोंडात धरायचे ते. मी खालून बोलायचे, ते नुसतं 'हं' म्हणायचे."

मग आजोबा अख्खे दिसावेत म्हणून ती उभी राहिली.

पुढच्या शनिवारी माऊने ताईशेजारी खुर्ची ओढली. "ताई, तुला कोण आहे?"

"आई आहे."

"तिचं नाक कसंय?"

ताईने तोंड उघडलं, आणि तिला नेमकं सांगता येईना. माऊने एक कागद तिच्यापुढे सरकवला.