उकळलेली टाकी

जावई निघताना एवढंच म्हणाला होता, "आई, रोज सकाळी चिमूटभर खाणं टाकायचं. बाकी काही म्हणजे काही करायचं नाही."

आता जिने सगळी नोकरी ऑपरेशन थिएटरची सिस्टर म्हणून काढली, तिला 'काही करू नका' असं सांगतं का कुणी? चूक जावयाचीच म्हणायची. काहीच न करणं हे काम बाईंना कधी कुणी शिकवलेलंच नव्हतं.

हॉस्पिटलात त्यांना पाठीमागे सगळे उकळीबाई म्हणायचे. कात्र्या उकळा, चिमटे उकळा, वाट्या उकळा. पुढे वाफेची मोठमोठी यंत्रं आली, तरी बाईंचा जीव पातेल्यातच. एकदा एका नव्या डॉक्टरने मास्क खाली ओढून थिएटरात शिंक दिली, तर बाईंनी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं आणि "आधी स्वतःला उकळून या" असं बजावलं, हे तिथे अजून सांगतात. बाई निवृत्त झाल्या, नाव काही निवृत्त झालं नाही. त्या राहायच्या त्या इमारतीतही ते पोचलं. बाईंना ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं.

लेकीचं घर त्यांच्या समोरच, दाराला दार. लेकीला सातवा महिना लागला होता. तिची रजा संपली की दिवसभर बाळाला कोण सांभाळणार, हा विषय दोन्ही घरांत बरेच दिवस घोळत होता. बाईंना कळेना, यात घोळण्यासारखं काय आहे! आजी समोर बसलीये, चांगली धडधाकट, दात शाबूत, गुडघे शाबूत. पण जावई म्हणायचा, "बघू." लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस तो, बोलायला महाकंजूष. त्याचं 'बघू' वर चाललंय की खाली, ते बाहेर उभ्या राहिलेल्याला कळायची सोय नव्हती. त्या एका 'बघू'ने बाईंची झोप उडवली होती.

त्यात कंपनीने त्याला पंधरा दिवस परगावी ट्रेनिंगला पाठवलं आणि हवापालट म्हणून लेकही सोबत निघाली. घराची किल्ली हातात देताना हसत म्हणाली, "मासे तेवढे नीट सांभाळ गं. पास झालीस तर बाळ तुझं!"

लेकीने केली थट्टा. बाईंनी ती परीक्षा म्हणून घेतली.

टाकी दिवाणखान्यात, खिडकीपासून दूर, भक्कम टेबलावर होती. आत नऊ मासे. चार एंजल, उभ्या चपट्या अंगाचे, कुणाशी फारसं न बोलणारे. आणि पाच मोली, दिवसभर हुंदडणाऱ्या. त्यांतल्या काळ्या मोलीचं नाव जावयाने 'इन्स्पेक्टर' ठेवलं होतं, कारण प्रत्येक दगडाखाली तोंड खुपसून तपासणी केल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. बाईंचं आणि त्याचं पहिल्याच सकाळी जमलं. स्वभाव जुळला म्हणा.

पण टाकी! काचेला हिरवट पापुद्रा, खड्यांत गाळ, आणि फिल्टर उघडून पाहिला तर आतला स्पंज तपकिरी, बुळबुळीत. बाईंनी नाक मुरडलं. एवढा गुणी माणूस, आणि हे? पहिला दिवस त्यांनी पदराआड हात बांधून काढला. दुसऱ्या दिवशी हात शिवशिवायला लागले आणि त्यांनी पदर खोचला.

मासे बादलीत गेले. खडे उकळले. प्लास्टिकची झुडपं गरम पाण्यातून काढली. स्पंज उकळला, फिल्टरमधले चिनीमातीचे पोकळ तुकडेही उकळले. काच घासून घासून अशी केली की माशी बसली तर घसरावी. आणि नळाचं पाणी तसंच ओततील तर त्या उकळीबाई कसल्या? दोन्ही घरांतली होती नव्हती ती पातेली चुलीवर चढली, पाणी उकळलं, गार झालं, टाकीत पडलं. संध्याकाळी टाकी लखलखत होती. बाईंनी कंबरेवर हात ठेवून पाहिलं आणि म्हणाल्या, "आता घेऊ दे परीक्षा."

करायला गेलो एक आणि झालं भलतंच, म्हणतात ना! दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या सकाळी बाई चिमूट घेऊन आल्या तर मासे वर, पाण्याबाहेर तोंडं काढून, धापा टाकतायत. कल्ले लालभडक. एक केशरी मोली तळाशी आडवी पडलेली. आणि इन्स्पेक्टर दगडाच्या आडोशाला, तोंड खुपसलेलं तसंच, पण हालचाल नाही. बाईंनी जाळीने हळूच ढोसून पाहिलं. मग स्टुलावर बसल्या. उभ्या आयुष्यात माणसं जाताना पाहिलेली बाई, पण एवढ्याशा काळ्या माशापायी त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

रडत बसायला मात्र वेळ नव्हता. चप्पल अडकवून त्या तडक शोभेच्या माशांच्या दुकानात गेल्या.

दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "फिल्टरचा स्पंज धुतलात का?"

"धुतला नाही, उकळला," बाई म्हणाल्या. अजूनही थोडा अभिमान होताच आवाजात.

दुकानदाराने कपाळाला हात लावला. "अहो बाई, मासे त्याच पाण्यात खातात, त्याच पाण्यात घाण करतात. ती घाण विषारी. तिचा फडशा पाडणारे जिवाणू त्या मळक्या स्पंजात राहतात. महिना-दीड महिना लागतो त्यांना वस्ती करायला. तुम्ही सगळी वस्तीच उकळून टाकलीत. पाणी दिसतंय काचेसारखं, पण मासे आपल्याच घाणीत गुदमरतायत."

चांगले जंतू असतात हे बाईंना माहीत नव्हतं असं नाही. अभ्यासात होतं. पण थिएटरच्या दारात 'तू चांगला की वाईट' अशी चौकशी करून त्यांनी आजवर एकालाही आत सोडलं नव्हतं.

"मग आता?"

"खाणं बंद. रोज थोडं थोडं पाणी बदला. नळाचं चालेल, हे थेंब टाका, क्लोरीन मरतं. आणि जुन्या, चालत्या टाकीतला मळका स्पंज आणून तुमच्या टाकीत पिळा. माझ्याकडचा नको, इथे रोज नवा माल येतो, कुठला रोग चिकटेल सांगता येत नाही. ओळखीत घरगुती टाकी आहे का कुणाची?"

होती ना! काखेत कळसा आणि गावाला वळसा. बाईंच्याच डोक्यावर, वरच्या मजल्यावर, ट्रम्पेट शिकवणारे मास्तर राहायचे. त्यांच्या दारातून आतली टाकी दिसायची, हिरवीगार, तळं म्हणावी अशी. पण त्याच मास्तरांची पायपुसणी खाली ठिबकतात म्हणून बाईंनी सेक्रेटरीकडे दोनदा तक्रार केली होती, आणि जिन्यात भेटल्यावर "तुमच्या घराला आंघोळ घाला एकदा" असंही सुनावलं होतं.

बाईंचा पाय दुकानातून निघत नाही असं पाहून दुकानदाराने आवाज खाली आणला. "आणि मेलेल्या दोघांची काळजी नको. ही बघा केशरी, ही बघा काळी. सेम टू सेम! मंडळी यायच्या दिवशी घेऊन जा. झाकली मूठ सव्वा लाखाची."

बाई काळ्या मोलीकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "बाजूला ठेवा."

अडला हरी गाढवाचे पाय धरी. बाईंनी वरच्या मजल्याची बेल वाजवली. मास्तर दार उघडून, बाईंना पाहून, आधी सवयीने म्हणाले, "आज तर काहीच वाळत घातलेलं नाही!"

"तक्रार नाही," बाई म्हणाल्या. "मला... तुमच्याकडची थोडी घाण हवीये."

मास्तरांनी कानात बोट घालून हलवलं. बाईंना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, उकळलेल्या खड्यांसकट. मास्तर हसतील, टोमणा मारतील, म्हणून त्या मनाची तयारी करून उभ्या होत्या. मास्तर हसले, पण वाईट नाही हसले. "या, या! आजवर लोक या घराकडे बघून पळून गेले. घाण मागायला आलेल्या पहिल्याच तुम्ही. किती देऊ? भरपूर आहे!"

आत खुर्च्यांवर वर्तमानपत्रं, वर्तमानपत्रांवर मोजे, मोज्यांवर चहाचा कप. आणि त्या सगळ्याच्या मधोमध हिरव्या पाण्यात टम्म, तुकतुकीत मासे मजेत फिरत होते. बाईंना ते बघून राग आला आणि बरंही वाटलं. मास्तरांनी कात्रीने स्पंजचा अर्धा तुकडा कापून हातावर ठेवला. "पिशवी नको, वाटी नको, असाच ओला घेऊन पळा. आणि खबरदार, नळाखाली धरलात तर!"

जिनाभर तपकिरी थेंब पडत गेले. ठिबकण्याबद्दल तक्रार करणाऱ्या बाई स्वतः ठिबकत खाली आल्या. टाकीपाशी उभ्या राहिल्या, डोळे मिटले आणि स्पंज पिळला. लख्ख पाण्यात चिखलाचा ढग पसरला. मग तोच स्पंज फिल्टरमध्ये बसवला.

पुढचे दिवस बाईंनी पेशंटच्या उशाशी काढावेत तसे टाकीच्या उशाशी काढले. पाणी काढ, पाणी घाल, थेंब टाक. मास्तर रोज येऊन जायचे आणि काचेला नाक लावून "ह्या एंजलचा पंख उघडला बघा" असं काहीतरी सांगायचे. त्यांना चहा करून देताना बाई कप दोनदा विसळायच्या, एकदाच विसळून बघावं असं मनात यायचं, पण तेवढं नाही जमलं. हळूहळू मासे वरून खाली उतरले. कल्ल्यांची लाली गेली. सात मासे तगले.

मंडळी यायच्या दुपारी बाई दुकानात गेल्या. दुकानदाराने पिशवी तयारच ठेवली होती. बाईंनी ती उजेडात धरली. काळी मोली हुबेहूब होती. कुणालाच कळलं नसतं. बाळ घरात आलं असतं, आजीच्या मांडीवर खेळलं असतं, आणि ही गोष्ट बाईंबरोबरच संपली असती.

पण बाईंच्या डोक्यात थिएटर उभं राहिलं. पोट शिवायच्या आधी कापसाचे बोळे मोजायचे. आत गेले तितके बाहेर आले पाहिजेत. एकदा मोजणीत एक कमी भरला, तर मोठे सर्जन चिडून म्हणाले होते, "तुमचंच मोजायला चुकलं असेल, शिवून टाकू." बाई हात आडवे करून उभ्या राहिल्या होत्या. बोळा पोटातच निघाला होता. आणि आज त्याच बाई जावयाला खोटी मोजणी सांगायला निघाल्या होत्या. त्यांची त्यांनाच लाज वाटली.

"ठेवा परत," त्या म्हणाल्या आणि मागे न बघता निघाल्या.

संध्याकाळी लिफ्टचं दार वाजलं. लेक-जावयाच्या पायातल्या चपला निघायच्या आत, सामान हातात असतानाच, बाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "नऊ होते, सात आहेत. इन्स्पेक्टर गेला, आणि एक केशरी गेली. माझ्या हातून मेले. मी टाकी उकळली."

लेकीच्या तोंडून "अगं आई!" एवढंच निघालं. जावई बॅग खाली ठेवून टाकीपुढे उकिडवा बसला.

"स्पंज उकळलात?"

"उकळला."

"खडे?"

"ते पण."

"पाणी नाही ना उकळलंत?"

"सगळं."

त्याने फिल्टरचं झाकण उचललं. "मग हा कुठून आला?"

"वरच्या मास्तरांकडून. मागून आणला."

"तुम्ही? मास्तरांकडून? आणि असाच घातलात, न धुता?"

"न धुता," बाई म्हणाल्या, आणि मग त्यांना राहवेना. "हे बघा, बाळाचं तुम्ही दुसरीकडे कुठेतरी बघा. माझ्या हातांना फक्त मारायचंच माहीत आहे. जंतू मारले, आता मासे मारले. चिमूटभर खाणं टाकून गप्प बसायचं होतं, तेवढंही मला जमलं नाही."

जावई उठून त्यांच्यासमोर आला. एवढं लांब बोलताना त्याला घरात कुणी ऐकलं नव्हतं.

"मासे मेले तर बाळ द्यायचं नाही, असं मी कधी म्हणालोच नव्हतो, ती हिची थट्टा. माझी भीती वेगळी होती. बाळ पडलं, भाजलं, ताप आला, तर तुम्ही आम्हाला कळू न देता एकट्याच निस्तरत बसाल, असं वाटायचं. 'माझं चुकलं' हे तुमच्या तोंडून मी कधी ऐकलंच नव्हतं, आई. आज चप्पल काढायच्या आत ऐकलं." त्याने टाकीकडे एक नजर टाकली. "इन्स्पेक्टरचं वाईट वाटतंय, खोटं नाही सांगत. पण हिची रजा संपली की बाळ तुमच्याकडेच राहील. फक्त एक अट आहे."

"काहीही उकळायचं नाही," बाई घाईघाईने म्हणाल्या.

"बाटल्या उकळा की," जावई म्हणाला. "बाळ तेवढं उकळू नका."

लेक पोट धरून हसत सोफ्यावर बसली. बाईही हसल्या, आणि हसता हसताच त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. जावयाने खिशातून रुमाल काढला. लिफ्टच्या ग्रीसचे डाग पडलेला, धुऊन किती दिवस झाले कुणास ठाऊक. बाईंनी तो घेतला आणि त्यालाच नाक पुसलं.