वियोनोचे कागद आणि मी

मी एक जुना स्कॅनर आहे. दिल्लीजवळ मानेसरला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या ऑफिसात, खिडकीजवळच्या टेबलावर मी नऊ वर्षे बसून आहे. स्कॅनरच्या आयुष्यात सांगण्यासारखे काय असणार, असे तुम्हाला वाटेल. मलाही तसेच वाटायचे. पण मित्रांनो, माझ्या काचेवर माणसांचे कागद पालथे पडतात, आणि कागद अडले की माणसे अडतात. हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता माझा संताप आवरत नाही.

मला खोक्यातून बाहेर काढले तेव्हा माझी काच लख्ख होती. सगळ्या ऑफिसने तिच्यावर हात ठेवून आपापल्या पंजाचे चित्र काढून पाहिले होते. पहिली दोन वर्षे मी यंत्रांचे नकाशे स्कॅन केले. मग कारखान्यात परदेशी तंत्रज्ञ येऊ लागले. परदेशी माणसाला कामावर ठेवायचे तर कंपनीला त्याची हमी घ्यावी लागते: हा आमचा माणूस, हे त्याचे काम, हा त्याचा राहण्याचा पत्ता. ही हमी, व्हिसाची मुदतवाढ, राहण्याचा परवाना, सगळे आता ऑनलाइन पोर्टलवर होते. ‘घरबसल्या, चुटकीसरशी’ असे लिहिलेला एक कागद माझ्यामागच्या भिंतीवर चिकटवलेला आहे. तो कोणी चिकटवला हे मला एकदा कळायला हवे.

हे काम मृणालकडे होते. मृणाल पुण्याची, राहायला दिल्लीतल्या द्वारका भागात, रोज कंपनीच्या बसने येणारी. ती माझी काच आपल्या ओढणीच्या टोकाने पुसायची आणि म्हणायची, “हा म्हातारा त्या नव्या मशीनपेक्षा बरा, नाटकं करत नाही.” एवढे कौतुक मला वर्षभर पुरायचे.

जुलैच्या सुरुवातीला वियोनो तिच्याकडे आला. तो इंडोनेशियातल्या जावा बेटावरचा, पन्नाशीचा, प्रेस मशीनवरचे साचे बसवणारा. चार वर्षांत कारखान्यातल्या लोकांकडून हिंदी शिकला होता. त्याने पासपोर्ट माझ्यावर ठेवला आणि लाजत सांगितले, “मॅडम, बेटी का निकाह. लेस्तारी. इक्कीस सितंबर.”

निकाहाच्या वेळी मुलीचा हात बापाने नवऱ्या मुलाकडे सोपवायचा असतो, बापाच्या तोंडून ते शब्द यायचे असतात, हे त्याने हातवारे करून समजावले. त्याच्या परवान्याची मुदत तीस ऑगस्टला संपत होती. तो वाढवून मिळाला की जाऊन परत येणे सोपे होते. मृणाल म्हणाली, “बिल्कुल हो जाएगा. दो महीने हैं.”

दोन महिने! मित्रांनो, ते कसे गेले ते ऐका.

पोर्टलवर कंपनीचे खाते प्रतीकच्या नावाने होते. प्रतीक हा मृणालच्या आधी ते काम करायचा. दीड वर्षापूर्वी तो नोकरी सोडून नोएडाला गेला, पण खात्यावरचा मोबाइल नंबर कोणी बदलला नाही. म्हणजे मृणालने इथे बटण दाबायचे आणि ओटीपी जायचा नोएडाला, प्रतीकच्या खिशात.

“प्रतीक, अरे ओटीपी आला का?”

“अगं, मी मीटिंगमध्ये होतो. आत्ता बघितला. लिहून घे.”

लिहून घेईपर्यंत ओटीपीची दहा मिनिटांची मुदत संपलेली असायची. मग पुन्हा पहिल्यापासून. असे आठवडाभर चालले. मग नव्या कंपनीने प्रतीकला नवे सिम दिले, जुना नंबर त्याने बंद केला, आणि आमच्या कारखान्याच्या खात्याला कायमचे कुलूप लागले.

नंबर बदलायला कंपनीच्या लेटरहेडवर पत्र हवे होते आणि त्यावर गुणवंत साहेबांची सही. गुणवंत साहेब प्रशासनाचे प्रमुख. नागपूरचे, बोलायला गोड. मृणालने पत्र त्यांच्या टेबलावर ठेवले. “अच्छा, ठेव. बघतो,” असे ते म्हणाले.

चोवीस दिवस त्यांनी ते बघितले नाही. काचेच्या भिंतीतून मला ते पत्र दिसायचे. त्यावर आधी एक फाइल आली, मग कॅलेंडर, मग मिठाईचा डबा. वियोनो रोज जेवणाच्या सुटीत दारात येऊन उभा राहायचा.

“मॅडम, कब होगा?”

मृणाल “जल्दी” म्हणायची आणि तो निघून गेल्यावर कपाळ चोळत बसायची. चोविसाव्या दिवशी ती उठली आणि थेट साहेबांच्या खोलीत गेली. दार उघडेच राहिले, म्हणून मला सगळे ऐकू आले.

“साहेब, ती सही.”

“अगं, सगळं ऑनलाइन आहे ना आता? मग एवढी घाई कशाला, यार?”

“ऑनलाइन आहे, पण सही तुमच्याच हातात आहे! तुमच्या मुलीच्या लग्नात तुम्हाला इथेच बसवून ठेवलं तर चालेल तुम्हाला?”

साहेबांनी डबा उचलला, कॅलेंडर उचलले आणि सही केली. माझा दिवा तापायला जेवढा वेळ लागतो तेवढाही त्या सहीला लागला नाही.

खाते उघडायला आणखी दहा दिवस गेले. मग अर्ज भरला तर पोर्टल आडनाव मागू लागले. वियोनोच्या पासपोर्टवर एकच नाव आहे. त्यांच्याकडे अनेकांना आडनाव नसतेच. रकाना रिकामा सोडला की लाल अक्षरे यायची. हेल्पलाइनवर तासभर संगीत ऐकून मृणालने उपाय विचारला, तेव्हा कळले की तेच नाव दोनदा लिहायचे. लिहिले. अर्ज परत आला. या वेळी कारण मी होतो.

हे सांगताना मला लाज वाटते. कुणीतरी पिना न काढता माझ्या काचेवर कागदांचा गठ्ठा ओढला होता. त्या ओरखड्याची बारीक रेघ वियोनोच्या पासपोर्ट नंबरावरून गेली होती. ‘प्रत अस्पष्ट’ असा शेरा आला. मृणालने मला दोष दिला नाही. पासपोर्ट काचेच्या दुसऱ्या कोपऱ्यात तिरका ठेवून तिने पुन्हा प्रत काढली. अर्ज एकोणतीस ऑगस्टला गेला, मुदतीच्या एक दिवस आधी.

आणि मग स्क्रीनवर एकच शब्द: ‘विचाराधीन’. अर्ज विचाराधीन असताना देश सोडला तर अर्ज रद्द होणार होता, आणि त्याबरोबर नोकरीही. घरात कमावणारा वियोनो एकटाच. सप्टेंबरचे वीस दिवस मृणाल दिवसातून दहा वेळा तो शब्द पाहत होती.

अठरा तारखेला वियोनो सकाळी दिल्लीला आपल्या दूतावासात जाऊन आला आणि दुपारी ऑफिसात शिरला. हातात एकच कागद होता. मृणालने विचारले, तेव्हा तो म्हणाला, “मैं नहीं जा सकता तो लिख के देना है. मेरी जगह काज़ी साहब बोलेंगे.”

मित्रांनो, बापाने आपले शब्द दुसऱ्याच्या तोंडी दिल्याचे ते पत्र होते. त्याने ते स्वतःच्या हाताने माझ्या काचेवर ठेवले, चारही कोपरे जुळवले, झाकण हळूच लावले. माझा दिवा त्या कागदावरून सरकला. खाली सही होती, तिथे शाई जरा फुटलेली होती. मृणालने ती प्रत त्याच्या घरी पाठवली आणि तोंड धुवायला निघून गेली.

एकवीस तारखेला निकाह झाला. परवाना आला चोवीसला.

वियोनो मग दोन आठवडे घरी जाऊन आला. आल्यावर त्याने लग्नाचा एक फोटो आणला, मोठा करून घ्यायला. मृणालने तो माझ्यावर ठेवला. लेस्तारी हसत होती.

“शेजारी कोण बसलंय?” मृणाल नकळत मराठीत बोलून गेली, मग तिने हिंदीत विचारले.

“मेरा छोटा भाई, बाप की जगह,” वियोनो म्हणाला. थोडा वेळ फोटोकडे पाहून पुढे म्हणाला, “अच्छा बैठा है.”

मित्रांनो, तुमच्यातले काही जण उद्या मोठ्या टेबलामागे बसतील. कुणीतरी तुमच्यासमोर एक कागद ठेवील. तेव्हा त्यावर काही ठेवू नका. तो त्याच दिवशी वाचा, सही करायची असेल तर त्याच दिवशी करा. दारात उभ्या असलेल्या माणसाला कुठे आणि कधी पोचायचे आहे, हे त्याला एकदा तरी विचारा.