केसाएवढी रेघ

मित्रांनो, मी एक जुना फॉन्ट आहे, म्हणजे छापील अक्षरांचं एक घराणं. जुनी माणसं शांत असतात असं तुम्हाला वाटत असेल. मी नाही. माझं डोकं तापलेलं आहे, आणि का ते ऐकाच.

आधी माझं रूप सांगतो. उभ्या रेघा भरदार, आडव्या-तिरप्या केसाएवढ्या बारीक, टोकांना नाजूक पाय. एका कारागिराने डोळ्याला भिंग लावून मला पोलादात कोरलं. एक रेघ जाड झाली की तो अख्खं अक्षर मोडून पुन्हा बसायचा. पुढे मी संगणकात आलो. पुस्तकांची मुखपृष्ठं, मासिकांची नावं, घड्याळांच्या दुकानांच्या पाट्या, सगळीकडे मोठ्या आकारात मिरवलो. लोक म्हणायचे, "काय देखणं अक्षर!" मीही फुगायचो, खोटं कशाला बोलू?

मग औषध कंपनीच्या एका साहेबांनी मला मुलांच्या सर्दीच्या बाटलीवर बसवलं. तिळाएवढा आकार, पांढऱ्या कागदावर सोनेरी शाई!

लेबलाची मांडणी करणाऱ्या बाई म्हणाल्या, "साहेब, हा मोठ्या आकाराचा गडी. इतका लहान केला तर बारीक रेघा छपाईत उडतील."

"बाई, औषध कडू आहे. निदान बाटली तरी गोड दिसू दे!" स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन साहेबांनी सही ठोकली.

आणि रेघ उडालीच. 'रोज १/२ चमचा' यातली मधली, तिरपी.

ती बाटली एका घरी आली. आई-बाबा कामावर, दोन वर्षांची नात आजोबांपाशी, नाक गळतंय. आजोबांनी चष्मा पुसला, बाटली खिडकीशी नेली. 'रोज १ २ चमचा.'

"एक-दोन चमचे होय? तुझं नाक बघता दोनच देऊ, राणीसरकार."

दुपारी पोर उठेना. हाका मारल्या, तोंडावर पाणी शिंपडलं, तरी मान टाकलेलीच. दवाखान्यात संध्याकाळी तिने डोळे उघडले, तेव्हा कुठे सगळ्यांच्या जिवात जीव आला.

"बाबा, दिसत नव्हतं तर मला फोन करायचा ना!" सून कडाडली. त्या दिवसापासून आजोबांनी नातीला उचलणंच सोडलं. ती गुडघ्यांना बिलगली की हात मागे घ्यायचे.

मला ओरडावंसं वाटत होतं, अगं, जे छापलंय तेच वाचलं त्यांनी! पण अक्षराला स्वतःहून बोलता येत नाही. कुणी वाचलं तरच.

आठवड्याने सून बाटली टाकून द्यायला निघाली. जाता जाता तिने वाचलं, "रोज एक, दोन..." आणि थबकली. खोक्यातला माहितीचा कागद तिने उलगडला. तिथे साध्या, ठसठशीत टायपात होतं, 'अर्धा चमचा'.

ती आजोबांसमोर जमिनीवरच बसली. "बाबा, मीही तेच वाचलं. मीसुद्धा दोनच दिले असते. चुकले मी."

आजोबांनी तिला हाताला धरून उठवलं. मग म्हणाले, "आण तिला इकडे."

सुनेने कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं, 'सूचनेबद्दल आभारी आहोत.' बाटल्या अजून दुकानांत आहेत. आता सांगा, रागावू नको तर काय करू?

मित्रांनो, मोठेपणी तुमच्यातलं कुणीतरी असली लेबलं करेल. मला मुखपृष्ठावर खुशाल मिरवा. पण जिथे एका रेघेवर लेकराचा जीव आहे, तिथे साधं, जाड अक्षर घ्या, आणि छापण्याआधी एखाद्या म्हाताऱ्या डोळ्यांकडून वाचून घ्या. तेवढं करणार नसाल, तर मला देखणा म्हणू नका.