पाण्याच्या दिवशी समुद्र

आमच्या गल्लीत नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं. आलं की घराघरातल्या मोटारी एकदम घुमतात, दिवे मिणमिणतात आणि इंटरनेटचा डबा मान टाकतो. माझ्या नातीला, तनुजाला, नेमकं त्याच सकाळी इंटरनेटवरून मोठ्या शास्त्रज्ञांशी बोलायचं होतं.

तनुजा विद्यापीठात उपग्रहाची चित्रं बघून समुद्र शिकते. शेजारचे अप्पाराव दर वेळी म्हणायचे, "नळाला नाय पाणी, आन् पोरगी मोजते समुद्र!" गल्लीतली सगळ्यात दांडगी मोटार त्यांची, म्हणून आवाजही दांडगा.

तिनं मला एक चित्र दाखवलं होतं. निकोबारकडचं बेट, मागं पाण्यावर लांबच लांब काळ्या-पांढऱ्या रेघा.

"आजी, या लाटा समुद्राच्या पोटात आहेत. इमारतीएवढ्या! भरतीचं पाणी बुडालेल्या डोंगरावर आदळलं की उठतात. बेटाला दोन्हीकडून वळसा घालून मागं भेटतात. वर फक्त रेघ दिसते."

ते शास्त्रज्ञ म्हणत होते, ढगांची सावली असेल. तनुजा म्हणे, चित्र रडारचं आहे, रडार ढगातून आरपार बघतं, मग सावली येईल कुठून? त्यांना हे पटलं, तर त्या लाटा मोजायला निघालेल्या जहाजावर तिला जागा. नाय पटलं, तर दुसऱ्या कुणाला. विद्यापीठाला सुट्टी, म्हणून घरूनच बोलायचं होतं.

तिनं तोंड उघडलं आणि नळाला पाणी आलं.

"आजी, माझा आवाज तुटतोय गं!"

मी पदर खोचला. सूनबाईला, सरिताला म्हटलं, "आपली मोटार आधी बंद कर." तिनं कपाळाला हात लावला, पण बटन दाबलं. मग मी गल्लीच्या मधोमध उभी राहिले.

"मोटारी बंद करा! सगळ्यांनी!"

अप्पाराव दारात आले. "चतुराकाकू, डोकं ठिकाणावर हाय का? पाण्याच्या दिवशी?"

"माझं हाय. तुमची टाकी भरली तर तुम्ही आंघोळ कराल, त्यात काय दिवे लावणार? माझी पोरगी बोलली तर समुद्रावर जाईल."

"आन् पाणी गेलं तर?"

"अडीअडचणीला राखलेला माझा मोठा हौद काठोकाठ हाय. पुढच्या पाण्यापर्यंत सगळ्या गल्लीनं माझ्या दारातून भरावं. हा चतुराबाईचा शब्द."

माझा शब्द म्हटल्यावर एकेक मोटार गप झाली. शेवटी अप्पारावांची. पाण्याच्या दिवशी आमची गल्ली इतकी शांत मी कधी ऐकली नव्हती. खिडकीतून तनुजाचं इंग्रजी येत होतं. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाय. पण आवाज कुठं तुटत नव्हता, कुठं कापत नव्हता. अप्पारावसुद्धा कान देऊन उभे.

नळ सूं करून कोरडा झाला, तशी ती धावत बाहेर आली.

"आजी, मानलं त्यांनी! जहाजावर जागा दिली!"

गल्लीनं टाळ्या पिटल्या. मी डोळे पुसले नाय. पुसायला लागावेत असे ते भरू देत नसते मी चारचौघांत.

संध्याकाळी पहिली बादली अप्पारावांची.

"काय हो," मी विचारलं, "आमची पोरगी काय मोजते म्हणत होता?"

"समुद्र, काकू," ते हळूच म्हणाले.

"जरा मोठ्यानं."

"समुद्र!"

मग मी बादली भरून दिली.