हिरेवाडीच्या पुलाचं दूध

"हळदीचं कुंकू झालं! आई परसन झाली!"

पिराजी बुवानं तळहात उंच धरला आणि हिरेवाडीच्या जुन्या दगडी पुलावरची गर्दी एका सुरात ओरडली. क्षणापूर्वी त्या हातावर पिवळी हळद होती. पुलाखालून तांब्याच्या गडूत भरून आणलेल्या पांढरट पाण्याचे थेंब पडले आणि ती लालभडक झाली. गेले काही दिवस पुलाच्या मधल्या कमानीतून दुधासारखं पाणी पाझरत होतं. ते देवीआईचं दूध, आई या पुलात वस्तीला आली, असं बुवानं जाहीर केलं. मग काय, पार गडमुडशिंगीपासून बायका ओट्या घेऊन येऊ लागल्या. आज तर आईची पाषाणाची मूर्ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून येऊन पुलाच्या मधोमध बसायची होती.

विद्याश्री काळजीनं कमानीकडे बघत होती. गाव तिचंच. जुने पूल, धरणं तपासणाऱ्या शाहूपुरीतल्या एका कचेरीत ती इंजिनिअर होती आणि भिंतीवर चढणारं यंत्र घेऊन पूल तपासायला आली होती. पोटातल्या पंख्यानं हवा ओढून ते दगडाला चिकटे, चाकांवर वर सरके, भेगांचं चित्र दाखवी आणि छोट्या हातोडीनं दगड ठोकून आतला आवाज ऐकवी. गावानं त्याला घोरपड म्हणायला सुरुवातही केली होती. पण आईच्या अंगाला लोखंड लावायचं नाही, असं बुवाचं फर्मान निघालं. आणि पुलाच्या मधोमध, आरतीचं ताट घेऊन सगळ्यांच्या पुढे उभी होती विद्याश्रीचीच आई, तिची अव्वा, शिवम्मा.

"अव्वा, खाली ये. ह्यो पूल एवढा भार सोसायचा न्हाय."

"गप बस की! बुकं शिकलीस म्हणून देवीला शिकवतीस व्हय?"

बुवाला आयतंच सावज मिळालं. "इंजिनेरबाईंच्या मनात किडा वळवळतोय. करा हात पुढं. आईच काय ते सांगंल." त्यानं तिच्या तळहातावर हळद ठेवली, झोळीतून गडू काढला आणि थेंब टाकले. हळद पिवळीच राहिली.

"बघा मंडळी! शंकेखोराला आई पावत न्हाय!"

शिवम्मानं मान फिरवली. चारचौघांत आईनं अशी मान फिरवावी, हे विद्याश्रीच्या फार जिव्हारी लागलं. पण तेवढ्या रागातही तिला एक दिसलं. मघाचा गडू तांब्याचा होता, हा पितळेचा.

लांबून हलगी ऐकू आली. ट्रॅक्टर येत होता.

सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलेलं पाहून ती वाद न घालता ओढ्यात उतरली आणि यंत्र कमानीला लावलं. टक, टक, टक. दगड घट्ट होते. पांढऱ्या ओघळापाशी मात्र चाकं घसरली आणि यंत्र सुरक्षेसाठी बांधलेल्या दोरीला लोंबकळलं.

"झिडकारलं आईनं!" वरून बुवा गरजला आणि टाळ्या पडल्या.

विद्याश्रीनं दोरी ओढून यंत्र परत हातात घेतलं. तिनं यंत्र शेजारच्या कोरड्या दगडावरून वर नेलं. टक, टक. मग आवाज बदलला. ढप. ढप. हातातल्या छोट्या पडद्यावर दोन दगडांमधली काळी पोकळी दिसली. हात आत जाईल एवढी ती रुंद होती.

तळहाताला चिकटलेली ओली हळद अजून पिवळीच होती. तिनं तो हात ओघळाखाली धरला आणि पळत वर आली.

"अव्वा, बघ. हात त्योच, हळद तीच, मनातली शंका बी तीच. मग आता लाल कशी झाली?"

शिवम्मानं तिचा हात धरून जवळ ओढला.

"बुवाच्या पितळी गडूत साधं पाणी हाय. आणि ह्या पाण्यात चुना हाय."

शिवम्मानं कमरेची चंची सोडली. पानाचा चुना बोटावर घेतला आणि ताटातल्या हळदीत कालवला. हळद लाल झाली. लहानपणी तिच्या घरी कुंकू असंच तर करायचे! सगळं ठाऊक असून आपण कशा भुललो, या विचारानं तिचा चेहरा उतरला.

"मग पुलातनं चुना कुठनं आला?" तिनं हळूच विचारलं.

"दगड चुना-सिमेंटनंच धरलेत, अव्वा. पाणी मुरून ते धुऊन चाललंय. दूध म्हणून तुम्ही ओंजळीत धरताय, आणि आत पूल पोकळ होतोय."

ट्रॅक्टरचं पुढचं चाक पुलावर चढलं. खालून खडी ओढ्यात पडल्याचा आवाज आला.

"घे पुढं, केरबा! आई सांभाळंल!" बुवा ट्रॅक्टरवाल्याला ओरडला.

शिवम्मा ताटासकट ट्रॅक्टरपुढे जाऊन उभी राहिली. "केरबा, मागं घे. आधी माझ्या अंगावरनं घालशील काय?"

केरबानं बुवाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ट्रॅक्टर मागे गेला.

"कुणी पळू नका. एकेक करून उतरा," विद्याश्री सांगत राहिली. सगळ्यांच्या आधी उतरला तो पिराजी बुवा, तोही पळत. शिवम्मा मात्र शेवटची बाई पुलावरून उतरेपर्यंत जागची हलली नाही. तोवर विद्याश्रीच्या जिवात जीव नव्हता.

पूल आता बंद आहे. लांबच्या वाटेनं जाताना लोक कुरकुरतात. पूल पडलाच नाही, म्हणजे आईनंच राखला, असंही काहीजण म्हणतात. त्यांना एवढंच सांगणं, देवीला हात जोडायला कुणाची ना नाही. पण भिंतीतून पाणी पाझरलं, तर ते कुठून आणि का येतं हे आधी विचारा, आणि तपासायला आलेल्या माणसाला अडवू नका. त्या दिवशी पुलावर लेकरांना कडेवर घेतलेल्या बायका होत्या. त्या सगळ्या घरी पोचल्या, त्या शिवम्मानं 'चुना कुठनं आला' हा एक प्रश्न वेळेवर विचारला म्हणून.